रविवारचा अलार्म

“काका, तार आज काढायलाच हवी. उद्यापासून या गल्लीतले जुने फोन बंद होणार,” असं म्हणत मेकॅनिकबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी अलार्मच्या पेटीचे स्क्रू सोडवायला घेतले.

काका, म्हणजे दोघा भावांतले थोरले, खाली उभे राहून स्टूल धरून होते. स्टूल चांगलं भक्कम होतं, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

“म्हणजे अलार्म वाजला तरी फोन जाणार नाही?”

“भोंगा वाजेल, गल्लीपुरता ऐकू जाईल. फोन मात्र कुणालाच नाही.”



पेटी बसवली तेव्हा कंपनीनं एका माणसाचा नंबर मागितला होता. दार कुणी ढकललं, की पेटी आपणहून त्याला फोन करणार. बायको गेल्यापासून थोरल्यांना जवळचं असं एकच माणूस उरलं होतं, पुलापलीकडे राहणारा सख्खा धाकटा भाऊ. आणि नेमकं त्याच्याशीच बोलणं बंद होतं. आईचं शिलाई मशीन थोरल्यांनी त्याला न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, त्यावरून वाजलं होतं. “तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही,” असं धाकटा म्हणाला. “मग जन्मभर वाट बघ,” असं थोरले म्हणाले. दोघेही शब्दाचे पक्के, आणि तेही नको तिथे.

नंबर तरीही त्याचाच दिला. दुसरा द्यायला होता कुणाचा? कंपनीनं तसं धाकट्याला कळवलंही होतं.

मग एका रविवारी, दहाच्या सुमारास, मांजरानं मागचं दार ढकललं. भोंगा असा काही बोंबलला, की तो बंद करता करता थोरल्यांना घाम फुटला. वर बघतात तो फाटकात धाकटा उभा.

“फोन आला म्हणून आलो,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. त्यानं सगळ्या कड्या तपासल्या, अर्धा कप चहा घेतला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी मांजर काही आलं नाही. थोरल्यांनी दार स्वतःच ढकललं.

याला आता सहा वर्षं झाली होती. शेजारीपाजारी त्या भोंग्यावर घड्याळं लावायला लागले होते. धाकटा दर वेळी नाक मुरडत यायचा, “ही पेटी बिघडलीय, दुरुस्त करून घ्यावी माणसानं,” असं हवेत बोलायचा. बोलणं चालायचं ते कड्याबिजागऱ्यांचंच. पण अर्ध्या कपाचे दोन कप झाले होते, आणि बिजागऱ्यांवर माणसं तास-तास बोलू शकतात हे थोरल्यांना नव्यानं कळलं होतं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते त्या एका तासाच्या जिवावर काढत होते. आणि आता तो तास चालला होता.

“मोबाइलवर चालणारी नवी पेटी मिळते, काका,” बाई वरून म्हणाल्या. “फक्त फोन ज्यांना जाणार, त्यांची फॉर्मवर सही लागते. तेवढं त्यांना बोलावून घ्या.”

“नको,” थोरले म्हणाले. जीभ रेटेना, त्याला ते तरी काय करणार.

झाकण निघालं. बाईंनी आत बॅटरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “काका, हे जरा बघा...”

“थांबा, थांबा.” थोरल्यांनी घड्याळ पाहिलं. दहाला मिनिट कमी होतं. बाईंना रविवारची वेळ त्यांनी उगीच दिली नव्हती. “काढायच्या आधी एकदा वाजवून घेऊ. शेवटचं.”

“अहो, पण काका...”

थोरले मागच्या दाराशी पोचलेसुद्धा. भोंगा बोंबलला. बाईंनी कानांवर हात ठेवले. थोरल्यांनी दहा आकडे मोजेपर्यंत तो वाजू दिला, मग बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

पाणी उकळायच्या आत फाटक वाजलं. धाकटा आत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले.

“फोन आला म्हणून आलो,” तो म्हणाला आणि थेट कडीकडे वळला.

“आजच्यापुरता,” थोरले म्हणाले. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होते. “तार काढतायत. उद्यापासून फोन यायचा नाही.”

धाकट्याचा हात कडीवरच राहिला. “मग?”

“मग काय.”

“ये” एवढंच म्हणायचं होतं, पण थोरले चहाचं आधण बघायला वळले. धाकटा कडी उगीचच वरखाली करत राहिला.

मेकॅनिकबाई स्टुलावरून उतरल्या. त्यांच्या हातात पेटीच्या मागून ओढून काढलेलं तारेचं वेटोळं होतं, कारखान्यातून आल्यासारखं नवंकोरं, टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यांसकट. त्यांनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे.

“तुम्हाला फोन आला कसा, भाऊ? बसवणारा ही फोनची तार जोडायलाच विसरलाय. या पेटीतून आजवर एकही फोन गेलेला नाही.”