पेटीतली चिठ्ठी

"माझा नवरा देवमाणूस आहे, म्हणून कुणाला सांगता येत नाही. पण माझ्याशी तो जेवणापुरतंच बोलतो. माझ्यासाठी प्रार्थना करा."

चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत आलेली ती बिननावाची चिठ्ठी पाळकसाहेबांनी दोनदा वाचून दाखवली. "अशा मुक्या दुःखाजवळ आपण आधी जाऊन बसायला हवं," ते मंडळीला म्हणाले.

पहिल्या बाकावर त्यांची बायको एस्तेर ताठ बसली होती. चिठ्ठी तिचीच होती. अक्षरसुद्धा तिने बदललं नव्हतं. बावीस वर्षं वाणसामानाच्या याद्या ती साहेबांना त्याच अक्षरात लिहून देत होती. साहेब ज्यांच्या उशाशी तासन्‌तास बसत, त्या आजारी माणसांवरही ती मनातल्या मनात जळायची.

दुपारी साहेबांच्या घशाखाली घास उतरेना.

"कोण असेल गं ती? किती एकटी असेल बिचारी! शोधायलाच हवं तिला."

डोळे पुसत ते उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

एस्तेरने त्यांचं भरलं ताट झाकून ठेवलं. त्या बाईचा वाटला तेवढा हेवा तिला आजवर कुणाचाच वाटला नव्हता.