तळाचं पत्र

मच्छीमार सोसायटीत संगणक आला आणि ईमेलसाठी दोनपैकी कोणता प्रोग्राम ठेवायचा ते कारकून हिरावर सोपवलं गेलं. पहिल्यात नवं पत्र सगळ्यात वर यायचं. "आवक रजिस्टरात आजचं पत्र कधी कालच्याच्या डोक्यावर चढतं काय?" म्हणत तिने दुसरा निवडला. त्यात पत्रं येतील तशी एकाखाली एक बसत, अगदी रजिस्टरासारखी.

तीन आठवडे छान चाललं. रोज पहाटे अध्यक्ष दाजी दारातूनच विचारायचे, "हिरा, आज दर्या काय म्हणतोय गो?" ती यादीच्या तळाचं हवामानाचं पत्र वाचून सांगायची, मगच बोटी सुटायच्या.

त्या पहाटेही तिने पडद्यावरचं तळाचं पत्र वाचलं. "शांत आहे, दाजी. सोडा." अठरा बोटी गेल्या. एकीच्या सुकाणूवर तिचा नवरा रूपेश तांडेल म्हणून होता.

दुपारी वाऱ्याने खिडकी आपटली. ती लावायला उठताना तिचा हात माऊसच्या चाकाला लागला. भरलेल्या पडद्यावरची यादी वर सरकली आणि तळातून आणखी एक ओळ निघाली.



आज पहाटेचं पत्र, अजून न उघडलेलं : "वादळाचा इशारा. एकही बोट सोडू नये."