आधी बाईला बसवा

मूल न होणाऱ्या बाईला 'केस' म्हणायला ज्यांनी शिकवलं, त्यांना आधी भर चौकात उभं करून जाब विचारायला हवा. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात हे तोंडावर बोलणारी ती एकटीच. म्हणून पोरींनी तिचं नाव ठेवलं होतं, वकील.

बाकीच्या पोरी चहा पिता पिता निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. एकीचं म्हणणं, उशिरा लग्न करणाऱ्यांना अशीच अद्दल घडते. दुसरी म्हणे, दत्तक घ्यावं आणि गप्प बसावं. वकिलानं दोघींची बिनपाण्यानं केली होती.

आज तिची स्वतःची कसोटी होती. वंध्यत्वाच्या ओपीडीत पेशंटची सगळी माहिती तिनं एकटीनं काढायची. जमलं तर मॅडम तिला इथंच ठेवणार होत्या, नाहीतर पुन्हा मलमपट्टीच्या खोलीत रवानगी.

दार ढकलून एक बाई आली. मागून मान खाली घातलेला पुरुष. इथला शिरस्ता ठरलेला, बाई आत, पुरुष बाहेर. नवऱ्यासमोर बाया मोकळं बोलत नाहीत. वकिलानं त्याला बाहेरचं बाकडं दाखवलं. तो जणू सुटलाच. बाई काहीतरी सांगायला गेली.

"ताई, घाबरू नका. मी विचारते तेवढंच सांगा. यात तुमचा काही दोष नाही."

बाई बुचकळ्यात पडली, पण उत्तरं देत गेली. पाळी नियमित. थायरॉईड नाही, साखर नाही. पोटावर एकदा टाके पडलेत. अपेंडिक्स असणार, वकिलानं ताडलं. तिचं कुतूहल वाढत चाललं. सगळंच जागच्या जागी, मग घोडं अडलंय कुठं? मुलावरून घरात कुणी टोचून बोलतं का, तिनं हळूच विचारलं. बाई म्हणाली, एक का दोन, सगळा गोतावळा बोलतो, ऐकवत नाही हो. डोळे भरले तिचे.

वकिलाचं डोकं तडकलं. "तुमच्या मिस्टरांना आत बोलावते. चांगली समज देते त्यांना."

"माझे मिस्टर कामावर गेलेत," बाई म्हणाली. "मला तीन लेकरं आहेत, सिस्टर. ज्याला बाहेर बसवलंत तो माझा धाकटा भाऊ. किती हातापाया पडून इथवर आणलंय त्याला. त्याला कधी विचारणार?"