तिसरी तार

"आई, बंद कर ती गाडी. भंगारवाला संध्याकाळी येतोय," मुलगा गॅरेजच्या दारातून म्हणाला.

बाईंनी इंजिन बंद केलं नाही. जागेवर उभी असलेली गाडी हुडहुडी भरल्यासारखी थडथडत होती. बाईंचा पाय मोडला तेव्हापासून ती कापडाखाली झाकलेली होती. त्याआधी अर्धं शहर याच गाडीवर बाईंच्या हाताखाली ड्रायव्हिंग शिकलं होतं. आता पाय धड झाला होता, डॉक्टरांनीही परवानगी दिली होती. मुलाने मात्र अट घातली होती. आजच्या दिवसात इंजिन सुरळीत झालं तर गाडी राहील, नाहीतर भंगारात जाईल.

"तिचं वय झालंय गं."

"माझं वय झालं म्हणायचंय ना? मग तोंडावर म्हण. गाडीच्या आडून बोलू नकोस."

मुलगा पाय आपटत घरात गेला. टॉर्च धरायला बाईंचे यजमान तेवढे उरले. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला हा शिंपी गाडी चालवायला कधी शिकला नव्हता.

"अहो, उजेड इंजिनावर पाडा. माझं तोंड काय बघताय?"

टाकीतलं शिळं पेट्रोल बाईंनी सकाळीच काढून टाकलं होतं. प्लग पुसले होते, हवेचे पाइप चाचपले होते. तरी थडथड हटत नव्हती. मग त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने चालू इंजिनावरच प्लगच्या तारा एकेक करून उपसायला घेतल्या. पहिली काढताच इंजिन आणखी कण्हलं. म्हणजे ती कामाची. दुसरीही कामाची. तिसरी काढली आणि इंजिनाला काही फरकच पडला नाही.

चोर सापडला होता. बाईंना इतका आनंद झाला की दुखरा गुडघाही त्या विसरल्या. तिथला प्लग बदलून पाहिला, तरी तेच. मग तारच. इंजिन बंद करून त्यांनी टोकावरची रबरी टोपी मागे सारली. आत तार तुटलेली होती आणि दोन्ही तुकडे टोपीत परत खुपसून ठेवलेले होते.

"उंदराने कुरतडली असेल," यजमान घाईघाईने म्हणाले.

बाईंनी टोक उजेडात धरलं. एका दमात, सरळ कापलेलं. कडेला एक तंतूही सुटलेला नाही. असा हात घरात एकाचाच होता.

"उंदराला तुमची कात्री कधी दिलीत?"

यजमानांनी टॉर्च खाली केला.

"मी उठायच्या आत तू बाहेर पडायचीस," ते म्हणाले. "दिवेलागणीला यायचीस. पाय मोडला आणि तू घरी राहिलीस. शिवताना बोलायला कुणीतरी होतं. परत जाशील म्हणून…"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलाशी भांडायची त्यांची तयारी होती, पण हा घाव पाठीमागून आला होता. त्या डिकीकडे गेल्या. जुन्या सामानातली एक तार काढली, बसवली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

"भंगारवाल्याला फोन कर रे!" त्या घराकडे तोंड करून ओरडल्या. "म्हणावं, फेरी मारू नकोस."

मग त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक होता, तो त्यांनी दाबून पाहिला. यजमान खालमानेने मागचं दार उघडू लागले.

"मागे कुठे निघालात? स्टिअरिंगपुढे बसा," बाई म्हणाल्या. "मला घरात बसवण्यापेक्षा हे सोपं जाईल तुम्हाला."