पाहुण्यासमोर भरलेले कागद

"मग खोटं लिहू का?" मीरिमनं विचारलं.

"खोटं कशाला? बरं लिही," जेवणघरातली बुरुल एजे, सगळ्यांची थोरली ताई, म्हणाली आणि तिच्या वाडग्यात शोरपो, मांसाचा रस्सा, ओतला. मांसाचा तुकडा मुद्दाम मोठा वाढला.

शिलाई कारखान्यातल्या एकशे ऐंशी जणांना सकाळीच कागद वाटले होते. वीस प्रश्न. कामात जीव रमतो का? वरचे लोक ऐकून घेतात का? परिस्थिती बिघडली तरी इथंच राहाल का? नाव लिहायचं नव्हतं. मोजणी करायला अल्माटीहून दाउलेत नावाचा तरुण आला होता. माणसं टिकावीत म्हणून पुढच्या वर्षी कशावर खर्च करायचा नि कशावर नाही, ते याच्या आकड्यांवरून ठरेल, असं मालक सुयुनबेकनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

एजेनं त्याचा एकच अर्थ काढला. आकडा वाईट आला की जेवणघर बंद. एकोणीस वर्षं ती इथं रांधत होती. घरी मोठी कढई चढवावी असं आता कुणी उरलं नव्हतं.

"खिडकी उघडू देत नाहीत. कापडाच्या धुळीनं डोळ्यांची पार वाट लागली," मीरिम म्हणाली. "हे लिहायचं नाही?"

"पाहुण्यासमोर घरची लक्तरं काढतेस? आईनं हेच शिकवलं?"

"घर म्हणे! घरात लघवीला जायला चिठ्ठी लागते होय एजे?"

टेबलावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. एजेही हसली. मग तिच्या शेजारी टेकली.

"जेवणघर गेलं तर मी कुठं जाऊ गं?"

मीरिमनं वाडगा बाजूला सारला. "आण तो पेन," ती शेजारणीला म्हणाली.

एजे मग टेबलाटेबलावर फिरली. कुणाला चुचकारलं, कुणाला दटावलं. इस्त्रीवाल्या बायकांना तर तिनं सरळ सांगितलं, "रडायचं असेल तर पाहुणा गेल्यावर रडा."

दुपारी दाउलेत स्वयंपाकघरात चहाला आला. भिंतीवर विरळ फडक्यात बांधलेल्या रोट्या टांगल्या होत्या. प्रत्येकीचा एक घास तोडलेला.

"आमची आजी ठेवायची अशा," तो म्हणाला. "मामा एक घास खाऊन सैन्यात गेला तेव्हा. उरलेली परत आल्यावर खायची."

"आली का परत त्याची पावलं?"

"आली. दात नव्हते, पण रोटी संपवली."

एजेला मग बोलायला जोर आला. "ही गुलनूरची. मॉस्कोला भांडी घासते. ती कोपऱ्यातली तोल्गोनायची. येतात रे बाळा. रोटी ओढून आणते. अकरा मशिनं होती तेव्हापासून बघते आहे. हिवाळ्यात वीज जायची. सगळे इथं, या कढईभोवती. बोटं गरम करायची, पुन्हा शिवायला बसायचं. सुयुनबेकसुद्धा खाली बसून कांदे सोलायचा. एका वाडग्यात चौघं खायचो. भांडायचोही. कुणी कुणाला विचारलं नाही, जीव रमतो का म्हणून."

दाउलेतनं वही काढली नाही. दुसरा चहा मागितला.

"एजे, तुम्हाला काय वाटतं? माणसं का राहतात इथं?"

ती कढई घासत होती. जेवणघराचं, म्हणजे स्वतःचंच नाव घेणं तिला बरं वाटेना. "कारखान्यावर माया आहे त्यांची," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुयुनबेकनं सगळ्यांना जेवणघरातच गोळा केलं. दाउलेतनं आकडा वाचला. शंभरातले सत्त्याण्णव म्हणत होते, काहीही झालं तरी आम्ही इथंच राहू. एवढा आकडा त्यानं आजवर कुठल्याच कारखान्यात पाहिला नव्हता.

टाळ्या पडल्या. मीरिमनं लांबूनच एजेकडे बघून भुवया उडवल्या. एजेनं एप्रनला हात पुसले, मग त्याच एप्रननं डोळे.

सुयुनबेक तिच्याजवळ आला. त्याचेही डोळे भरले होते. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"एजे, मला खरंच ठाऊक नव्हतं, एवढी माया आहे यांची," तो म्हणाला. "आणि मी खुळ्यासारखा, ही माणसं टिकावीत म्हणून इतकी वर्षं जेवणघर चालवत बसलो. उद्यापासून चूल पेटवू नका."