त्सोंका शर्यतीत उतरते

"उलटा फिरवतेयस," मिंको म्हणाला. "घट्ट करायचाय तो, सैल नाही."

"असं होय?" त्सोंकानं स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या बाजूला फिरवला आणि हळूच घसरू दिला. स्क्रू निसटला, घरंगळत मिंकोच्या ताटलीपाशी जाऊन थांबला.

मिंकोनं तो डाव्या हातानं उचलून दिला. उजवा हात मांडीवर होता तसाच पडून राहिला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिमोटचा ट्रक चाकं वर करून पडला होता. मिंकोनं तो मोठ्या हौसेनं आणला होता. सेव्हलिएवो गावातल्या रिमोट-गाड्यांच्या क्लबात नाव घालायचं, वसंतात पहिली शर्यत खेळायची, असं ठरलं होतं. पण हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रक खोक्यासकट कपाटावर गेला.

हात जितका वापराल तितका सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू मिंकोनं खिडकीतून बाहेर भिरकावला. शेवटी एक दिवस त्सोंकानं खोकं खाली काढलं.

"मी उतरते शर्यतीत," ती म्हणाली.

"तू? तुला बाजारातली ढकलगाडी सरळ नेता येत नाही."

"मग शिकव की."

तिचा डाव साधा होता. आपण सगळं चुकीचं करायचं. कधी ना कधी याचा संयम सुटेल आणि हा स्वतःच हत्यार हातात घेईल. धाकधूक एकच होती. तिची सगळी नोकरी नळांच्या कारखान्यात जुळणी करण्यात गेली होती. वॉशर ती डोळे मिटून बसवायची. तिच्या हातून स्क्रू पडतोय हे मिंकोला खटकायला हवं होतं. त्याला खटकलं नाही. आजारानं माणूस जरा भोळा होतो, असं तिनं मनाशी म्हटलं.

"दोन्ही गिअरच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घाल," मिंको सांगे. "पट्टी निघाली की जेवढी फट उरते, तेवढीच हवी. जास्त घट्ट बसवलंस तर मोटर जळेल, बाईसाहेब."

"आणि टायर?"

"टायर चिकटव. नीट! डिंक बोटांना नको, रिमला लाव! अगं बाई, अगं..."

एकदा टायर वाकडा बसत असताना त्याची उजवी बोटं पुढे सरकल्यासारखी वाटली. तिनं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा हात मांडीवरच होता. मग तिनं त्याचा पाव कापून दिला, शर्टाची बटणं लावली.

दर गुरुवारी शेजारचा स्तामेन आपल्या जुन्या लाडा गाडीतून मिंकोला दवाखान्यात व्यायामाला नेत असे. परत येताना दोघांच्या बुटांना चिखल असायचा.

"दवाखान्याच्या आवारात खोदकाम काढलंय, वहिनी," स्तामेन म्हणायचा. "कधी संपणार देव जाणे."

गुरुवारी घर रिकामं असे. तेवढ्या वेळात त्सोंका गावात जाऊन यायची. बेअरिंगच्या दुकानदाराशी तिनं दोनदा कडाक्याचं भांडण केलं, कारण त्यानं ट्रकच्या सस्पेन्शनसाठी दाट तेल दिलं होतं आणि तिला पातळ हवं होतं. परत येताना आलुबुखार घेऊन यायची. त्याआधी, मुलगी नेवेना वारल्यानंतर, त्सोंका कित्येक दिवस उठलीच नव्हती. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग मिंकोला झटका आला. आता घरात कुणीतरी उभं राहणं भाग होतं, म्हणून ती उठली. त्यापलीकडे तिनं आपल्या उठण्याचा विचार केला नव्हता.

शर्यत गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीच्या मैदानात होती. मातीचे उंचवटे, वळणं, आणि कडेला चालकांसाठी लाकडी मचाण. क्लबचा ल्युबेन भोंग्यातून नावं पुकारत होता.

मचाणाच्या पायरीशी त्सोंकानं मनगट धरलं. हे तिनं आधीच योजून ठेवलं होतं.

"आई गं! लचकलं वाटतं. घे रे, तू चालव."

मिंकोनं रिमोटकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "मला कुठलं जमतंय? नाव काढून घेऊ."

"एवढं सगळं करून?"

"मग चढ वर. मनगट काही तुटलेलं नाही."

एवढा राग तिला कित्येक महिन्यांत आला नव्हता. ती तरातरा वर चढली.

पहिल्याच उंचवट्यावर ट्रक उलटला. कुणीतरी धावत जाऊन सरळ केला. दुसऱ्या फेरीत ती सावरली. तिसऱ्या फेरीत तिनं शेजारी उभ्या असलेल्या ढेरपोट्या बेकरीवाल्याच्या लाल ट्रकला वळणावर आतून मागे टाकलं.

"बाई, जरा जपून!" तो ओरडला.

"तू जप! पाव नाही भाजायचा इथे!"

मचाणावर हशा पिकला. ती पाचवी आली. आपण खदखदून हसतोय हे तिला इतर जण वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

तिनं कठड्यापलीकडे पाहिलं. मिंको दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. दोन्ही हात. उजवा डाव्याइतकाच उंच.

त्सोंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं भोंगा धरून उभ्या असलेल्या ल्युबेनची बाही ओढली.

"अरे बघ! त्याचा हात बघ! तुला सांगते, हे सगळं नाटक मी त्याच्यासाठी केलं होतं. चालला रे हात!"

ल्युबेननं तिकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यानं भोंगा बंद केला आणि टोपी काढली.

"वहिनी, तो हात ईस्टरलाच बरा झालाय. दर गुरुवारी इथे येऊन माझा ट्रक पळवतो तो. आम्हाला शपथ घातलीय त्यानं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. म्हणतो, हात बरा झालाय हे कळलं, तर ती पुन्हा अंथरूण धरेल."