खडूची नदी

हिमानीने फरशीच्या मधोमध खडूने पांढुर्ण्याची जाम नदी काढली, दारापासून थेट टेबलापर्यंत, दोन वाकणं देऊन. चौथीचा वर्ग, पाठ 'आपला परिसर'. डी.एल.एड.चा तिचा हा शेवटचा निरीक्षणाचा तास होता आणि मागच्या बाकावर गुण देणाऱ्या छायाबाई पेन उघडून बसल्या होत्या. तास साधला तर ती शिक्षिका, नाही साधला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा पहिल्यापासून करायला सौसरला घरी कोणी थांबणार नव्हतं. तिथे तिला बघायला पाहुण्यांना बोलावण्याची घाई आधीच सुरू झाली होती.

"जे पुलावरून येतात, सावरगावचे, ते खिडकीकडे. पांढुर्ण्याचे दाराकडे," ती म्हणाली. "आता आपण सगळे नकाशातच उभे आहोत."

इतक्या झटपट या मुलांनी तिचं कधी ऐकलं नव्हतं. दोन रांगा लागल्या. कुजबुज एकदम बंद झाली. हिमानी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सकाळी चहा पिताना छायाबाईंनी तिला म्हटलं होतं, "पोळा तोंडावर आला आहे. या आठवड्यात नदी नको काढू बाई, डोंगर शिकव." हिमानीला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची उगाच भीती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध झेंडा बांधलेलं पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांची माणसं त्यासाठी एकमेकांवर गोटे मारतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण ती गोटमार नदीवर. वर्गात कशी येईल?

अक्षयने कोपऱ्यातला खराटा उचलला, त्याच्या टोकाला आपला रुमाल बांधला आणि खडूच्या नदीत जाऊन उभा राहिला.

"हे काय करून राहिला रे?" हिमानीने विचारलं.

"झाड रोवून राहिलो, मॅडम. तुम्हीच तं म्हटलं, नकाशा करा."

खिडकीकडून पहिला खडू आला. मग दाराकडून खोडरबर. मग कोणी काय फेकलं ते कळेना. "अबे, सावरगाव पळालं!" "तुह्या बापानं पळवलं का?" हिमानी "बस, बस" म्हणत होती, आणि तिला स्वतःचीच लाज वाटावी असं काहीतरी तिच्या अंगात उसळत होतं. टाचा वर उचलून ती कोण जिंकतं ते पाहत होती.

मग तिला केतकी दिसली. पोर नदीतच बसली होती, दोन्ही हात डोक्यावर धरून.

"थांबा," हिमानी म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळा निघाला असावा. मुलं थांबली. "केतकी, तुझं घर कुठे आहे?"

"इकडं. पांढुर्ण्यात."

"मग दाराकडे जा."

"पण सावरगावात मामा हाय ना."

"इथे कोणी मामा नाही, बाळ. हा नुसता नकाशा आहे."

केतकीने हात खाली घेतले. "मागच्या साली माह्या बाबाचं डोकं फुटलं. टाके पडले. आई मले विचारून राहिली होती, कोणाचा गोटा लागला गं, तू तं तिकडंच होती. आईनं मले मामाकडं पुरणपोळी घेऊन धाडलं होतं. मी मामाच्या बाजूलेच उभी होती."

अक्षयने खराटा आडवा केला.

"मग तू काय सांगितलंस?" हिमानीने हळूच विचारलं.

"नाही दिसलं म्हटलं. सांगितलं असतं तं आई मामाच्या घरी पुन्हा गेलीच नसती. आन् आता पोळा येऊन राहिला. आई पुन्हा विचारते."

पाठयोजनेत या ठिकाणी मूल्यमापनाचे प्रश्न होते. नदीच्या काठी कोणती पिकं होतात. हिमानीने टेबलावरचा कागद उचलला, परत ठेवला. मागे छायाबाई लिहायच्या थांबल्या होत्या. काहीतरी बोललं पाहिजे होतं. भांडण करू नये, सगळे एक आहोत, असं काहीतरी.

तेवढ्यात केतकीनेच विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या काठच्या?"

"मी सौसरची. कोणत्याच काठची नाही." मग खरं बोलावं म्हणून तिने पुढे म्हटलं, "आम्ही फक्त पाहायला येतो."

"मागच्या साली आलत्या?"

"आले होते."

"कुठून पाहिलं?"

"पुलाजवळच्या एका गच्चीवरून."

हिमानीला त्या दुपारचं पुष्कळ आठवत होतं. कागदाच्या पुडीतले गरम फुटाणे, पुढच्या बाईचा मोठा अंबाडा, कोणी पडलं की उठणारा हलकल्लोळ आणि त्यात मिसळलेला आपलाही आवाज. पडलेल्यांपैकी एकाही माणसाचा चेहरा आठवेना.

"म्हणजे तुम्हाले वरून सगळं दिसलं असन," केतकी म्हणाली. ती उठून अगदी जवळ आली आणि इतर पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलली. "माह्या आईले सांगू नका."